कंसाआधीचे वजा

मित्रांनो, शीर्षक वाचून पान उलटू नका. बैजिक राशींची वजाबाकी हा शाळेतला धडा, तो इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला, असे कुणालाही वाटेल. पण एम-वनचे पेपर तपासणाऱ्या कोणत्याही सरांना किंवा मॅडमना विचारून बघा. मार्क इंटिग्रेशन न आल्यामुळे जातात हे खरेच, पण पद्धत बरोबर, सूत्र बरोबर, आणि तिसऱ्या ओळीत कंस सोडताना एक चिन्ह बदलायचे राहिले म्हणून पुढचे दीड पान वाया, असेही पेपर असतात. याला आपण "सिली मिस्टेक" म्हणतो आणि सोडून देतो. केटी लागल्यावर मात्र ती तेवढी सिली वाटत नाही.

आधी दोन शब्द उजळून घेऊ. ७क्ष² − ३क्षय + ५य − ४ ही एक बैजिक राशी. तिच्यात चार पदे आहेत आणि प्रत्येक पदाचे चिन्ह त्या पदाच्याच मालकीचे आहे. म्हणजे दुसरे पद "३क्षय" नाही, "−३क्षय" आहे. (इथे क्षय म्हणजे क्ष गुणिले य, टी.बी. नव्हे.) ज्या पदांमध्ये तीच अक्षरे त्याच घातांकांसह असतात ती सजातीय पदे, बाकीची विजातीय. ७क्ष² आणि २क्ष² सजातीय, ७क्ष² आणि ७क्ष विजातीय. सहगुणक सारखा आहे की नाही याला काही महत्त्व नाही. "लाइक टर्म्स" हा शब्द कानाला सोपा लागतो, पण "सजातीय" जास्त सांगून जातो: जात एक असेल तर एकत्र बसा, नसेल तर आपापल्या जागी. (हा नियम फक्त बीजगणितापुरता, हे सांगायला नको.)

शाळेत हे समजावताना आंब्यांचा आधार घेतात. सात आंबे वजा दोन आंबे, उरले पाच आंबे. सात आंबे वजा दोन पेरू, काही करता येत नाही. उदाहरण गोड आहे पण पुढे दगा देते. क्ष म्हणजे आंबा, तर क्ष² म्हणजे काय? आंबा गुणिले आंबा? अक्षर ही वस्तू नाही, ती एक संख्या आहे, फक्त ती किती हे अजून कुणी सांगितलेले नाही. ७क्ष − २क्ष = ५क्ष होते ते (७ − २) × क्ष असा सामाईक क्ष बाहेर काढता येतो म्हणून. ७क्ष² − २क्ष मधूनही क्ष बाहेर निघतो, पण आत ७क्ष − २ उरते आणि तिथेच थांबावे लागते. चित्रच हवे असेल तर फरशीचे घ्या. क्ष बाजूची चौरस फरशी म्हणजे क्ष². क्ष लांबीची आणि एक रुंदीची पट्टी म्हणजे क्ष. क्ष किती हे कळल्याशिवाय एका फरशीत किती पट्ट्या बसतात ते सांगता येत नाही, म्हणून फरश्या वेगळ्या मोजायच्या, पट्ट्या वेगळ्या.

आता वजाबाकी. आणि इथे मेसचा हिशेबच उपयोगी पडेल, कारण खाडा म्हणजे काय हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. समजा तुमचे मेसचे डिपॉझिट ३००० रुपये आहे. महिन्याचे बिल १८०० झाले, पण तुम्ही गावाला गेला होता, त्या खाड्याचे २५० त्यातून कमी व्हायचे आहेत. परत किती मिळणार?

३००० − (१८०० − २५०) = ३००० − १५५० = १४५०

कंस सोडून लिहिले तर ३००० − १८०० + २५० = १४५०. अधिक का आले? कारण १८०० वजा केले तेव्हा आपण जरुरीपेक्षा २५० जास्त कापले होते. ते परत द्यायला हवेत. "ऋण ऋण धन" हा मंत्र पाठ करण्यापेक्षा ही परतफेड डोळ्यांसमोर आणावी. वजा करायच्या राशीत जे आधीच वजा आहे, ते परत मिळते.

आता मेसवाल्याने कंस न पाहता ३००० − १८०० − २५० असे लिहिले, तर हातात ९५० पडतील. नुकसान किती? १४५० − ९५० = ५००. खाडा होता २५० चा आणि फटका बसला ५०० चा. चूक दुप्पट झाली. आणि हे योगायोगाने झालेले नाही. जे अधिक व्हायला हवे होते ते मिळाले नाही हे एक, आणि तेच वर कापले गेले हे दुसरे. चिन्हाची चूक नेहमी त्या पदाच्या दुप्पट असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मुख्य उदाहरण करू.

(७क्ष² − ३क्षय + ५य − ४) − (२क्ष² − ८क्षय + ५य + ६)

दुसऱ्या कंसाआधीचे वजा हे २क्ष² चे नाही, ते अख्ख्या कंसाचे आहे. आतल्या चारही पदांची चिन्हे बदलतात:

७क्ष² − ३क्षय + ५य − ४ − २क्ष² + ८क्षय − ५य − ६

सजातीय पदे शेजारी आणली की ५क्ष² + ५क्षय − १०. य चे पद गेले, कारण ५य − ५य = ०. ते गेले म्हणजे आपले काही हरवले असे वाटून पुष्कळ जण पुन्हा पुन्हा तपासतात, वेळ जातो. शून्य हेही उत्तरच आहे.

हेच उभ्या मांडणीत करता येते: वर पहिली राशी, खाली दुसरी, सजातीय पदाखाली सजातीय पद. एखादे पद नसेल तर तिथे शून्य लिहून जागा राखायची. मग खालच्या ओळीतल्या प्रत्येक पदाचे बदललेले चिन्ह पेन्सिलीने त्याच्याखाली लिहायचे आणि बेरीज करायची. माझे मत विचाराल तर चार किंवा जास्त पदे असतील तिथे उभी मांडणीच बरी. जागा जास्त लागते, पण पुरवणी मागायला पैसे पडत नाहीत.

उभी मांडणी काही नवीन नाही. भास्कराचार्यांचे "बीजगणित" ११५० च्या सुमाराचे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद असलेला १२०७ चा शिलालेख आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटणला आहे. म्हणजे विषय तसा घरचाच. त्या काळी क्ष आणि य नव्हते. पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणजे "जेवढे तेवढे" म्हणत आणि तिच्यासाठी "या" लिहीत. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, म्हणून का, नी, पी. नुसत्या संख्येला रूप, म्हणून "रू". समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहायच्या, या खाली या, रू खाली रू, नसलेल्या पदाच्या जागी शून्य. समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी होते, भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवायच्या, हा नियम भास्कराचार्यांनी स्पष्ट दिला आहे. म्हणजे "सजातीय" या शब्दामागची कल्पना पाठ्यपुस्तक मंडळाची नाही.

वजाबाकीचा त्यांचा नियमही नेमका आहे: जी राशी वजा करायची तिच्यातले धन ऋण होते आणि ऋण धन होते. ऋण संख्या दाखवायला ते अंकाच्या डोक्यावर एक टिंब देत. आता गंमत पाहा. त्यांच्याकडे कंस नव्हता. वजा करायची राशी मांडताना प्रत्येक अंकाकडे वेगळे बघून टिंब द्यायचे की काढायचे हे ठरवावे लागे, त्यामुळे एका टिंबात चार पदे उरकण्याची सोयच नव्हती. कंसाने आपले लिखाण आटोपशीर केले हे मान्य, पण आळसालाही जागा करून दिली. ऋणाला जुन्या ग्रंथांत "क्षय" असाही शब्द आहे. म्हणजे वरचा टी.बी.चा विनोद अगदीच अस्थानी नाही. त्याच्याही आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले होते. ऋण म्हणजे कर्ज. कर्ज वजा झाले की माणूस तेवढ्याने श्रीमंत होतो, हे ज्याच्या घरी कर्ज आहे त्याला उदाहरण न देता कळते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती वर्गात सहसा कुणी सांगत नाही. मराठीत प्रश्न असा येतो: "५क्ष + ७ मधून ३क्ष − २ वजा करा." ज्यातून वजा करायचे ते आधी. इंग्रजी पेपरात तेच "सबट्रॅक्ट ३क्ष − २ फ्रॉम ५क्ष + ७" असे येते. जे वजा करायचे ते आधी. वाचलेल्या क्रमाने लिहिण्याची सवय असलेला मुलगा ३क्ष − २ − (५क्ष + ७) लिहितो आणि −२क्ष − ९ काढतो. बरोबर उत्तर २क्ष + ९. त्याची वजाबाकी निर्दोष आहे, फक्त उलटी आहे. त्याला गणित येत नाही असे म्हणणे अन्याय आहे. त्याचे वाक्य उलटे वाचले गेले. उपाय एकच. "फ्रॉम" शब्दाला गोल करायचा आणि त्याच्या पुढची राशी आधी लिहायची.

दोन कंसांमधला आणखी एक धागा हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये एफईच्या मुलांना दाखवला की त्यांचे डोळे उघडतात. ५२३ − २६८ करा. शाळेत आपण एककाच्या घरात अडलो, दशकाकडून उसने घेतले, मग शतकाकडून घेतले, आणि २५५ आणले. आता दहाच्या जागी क्ष ठेवा: ५क्ष² + २क्ष + ३ मधून २क्ष² + ६क्ष + ८ वजा करा. उत्तर ३क्ष² − ४क्ष − ५. क्ष = १० घातले की ३०० − ४० − ५ = २५५. शतकाखाली शतक, दशकाखाली दशक, एककाखाली एकक म्हणजे सजातीय पदांखाली सजातीय पदे! तिसरीपासून आपण हेच करत आलो. उलट बीजगणित सोपे आहे, कारण त्यात उसने घ्यायचे नाही. −४ आले तर −४ ठेवायचे. क्ष दहा आहे हेच ठाऊक नाही, तर शेजारच्या घरातून दहा उसने आणणार कसे?

यातूनच पडताळ्याची युक्ती निघते. अक्षरांच्या जागी एखादी संख्या घाला आणि दोन्हीकडे तेच येते का बघा. संख्या मात्र विचार करून निवडा. शून्य घातले तर अक्षरांची सगळी पदे उडतात, काही कळत नाही. एक घातले तर क्ष आणि क्ष² सारखेच दिसतात, त्यामुळे विजातीय पदे मिसळल्याची चूक झाकली जाते. दोन घातले तर २क्ष आणि क्ष² दोन्ही ४ येतात. म्हणून तीनपासून पुढे जावे, आणि दोन अक्षरे असतील तर दोघांना वेगळ्या किमती द्याव्यात. आपल्या मुख्य उदाहरणात क्ष = ३, य = ५ घेऊ. पहिली राशी ६३ − ४५ + २५ − ४ = ३९. दुसरी १८ − १२० + २५ + ६ = −७१. वजाबाकी ११०. आणि आपले उत्तर ५क्ष² + ५क्षय − १० = ४५ + ७५ − १० = ११०. जमले.

समजा कुणी फक्त पहिल्या पदाचे चिन्ह बदलले आणि बाकी तीन तशीच उतरवली. त्याचे उत्तर ५क्ष² − ११क्षय + १०य + २ येईल, आणि किंमत ४५ − १६५ + ५० + २ = −६८. खऱ्या उत्तरापासून फरक १७८. त्याचा निम्मा ८९. आणि जी तीन पदे बदलायची राहिली त्यांची बेरीज −१२० + २५ + ६ = −८९. पुन्हा तेच, चूक दुप्पट. बँकेत किंवा दुकानात हिशेब लिहिणारे लोक ही युक्ती वापरतात: ताळेबंद जुळला नाही की फरकाला दोनने भागायचे आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, कारण जमेची नोंद खर्चाला पडली असेल तर फरक दुप्पटच येतो.

आता शाळेतून बाहेर पडू. दोन वक्रांमधले क्षेत्रफळ काढायचे आहे: वरचा य = ४क्ष − क्ष², खालचा य = क्ष² − २क्ष. ते क्ष = ० आणि क्ष = ३ ला भेटतात. वरच्यातून खालचा वजा: ४क्ष − क्ष² − क्ष² + २क्ष = ६क्ष − २क्ष². ० ते ३ इंटिग्रेशन केले की २७ − १८ = ९. आता २क्ष चे चिन्ह बदलायचे राहिले तर ४क्ष − क्ष² − क्ष² − २क्ष = २क्ष − २क्ष², आणि इंटिग्रेशन ९ − १८ = −९. क्षेत्रफळ ऋण कसे? मग हुशार विद्यार्थी काय करतो, वजा खोडतो आणि ९ लिहितो. उत्तर बरोबर, गणित चूक! मागे बघून उत्तर जुळले की आपण खूश होतो, ती खुशी किती फसवी असते ते इथे दिसते. परीक्षक पायऱ्यांना मार्क देतात, त्यांना ते दिसतेच.

सिव्हिलच्या मंडळींसाठी बीम. पाच मीटरचा सिम्पली सपोर्टेड बीम, डावीकडून दोन मीटरवर दहा किलोन्यूटनचा पॉइंट लोड. बीमचे स्वतःचे वजन सोडून देऊ. डावी रिॲक्शन ६, उजवी ४. लोडच्या उजवीकडे, डाव्या टोकापासून क्ष अंतरावर बेंडिंग मोमेंट:

६क्ष − १०(क्ष − २) = ६क्ष − १०क्ष + २० = −४क्ष + २०

क्ष = ५ घाला, शून्य येते. यायलाच हवे, कारण साध्या टेकूवर मोमेंट शून्य असतो. हा पडताळा बीम फुकट देतो, तो न घेणे म्हणजे करंटेपणा. क्ष = २ ला मोमेंट १२ किलोन्यूटन-मीटर, सॅगिंग, म्हणजे बीमची खालची बाजू ताणली जाते. −१० कंसातल्या −२ पर्यंत पोचले नाही आणि −४क्ष − २० लिहिले, तर क्ष = २ ला −२८ येतात: मोमेंट मोठा झाला एवढेच नाही, तो हॉगिंग झाला, म्हणजे कागदावर वरची बाजू ताणली गेली. काँक्रीट दाबाला दणकट पण ताणाला कच्चे, म्हणून जिकडे ताण तिकडे मुख्य सळया. साध्या बीममध्ये सळया वर टाका असे कुणी म्हटले तर साइटवरचा मिस्त्रीच हसेल आणि चूक तिथे थांबेल. पण ज्यात तीन-चार टेकू आहेत अशा सलग बीममध्ये कुठे सॅगिंग आणि कुठे हॉगिंग हे नजरेने कळत नाही, ते चिन्हावरूनच कळते. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, ती खाली टाकली तर छज्जा फळी काढल्यावर खाली येऊ शकतो. छज्ज्याखाली कोण उभे असेल हे चिन्ह लिहिताना माहीत नसते.

या समीकरणात आणखी एक बारकावा आहे. −४क्ष आणि २० दोन्हींचे एकक किलोन्यूटन-मीटरच आहे, तरी ती विजातीय पदे आहेत. एकक सारखे नसेल तर दोन पदे एका बेरजेत येऊच शकत नाहीत. पण एकक सारखे आहे म्हणून ती मिसळत नाहीत. एक क्ष बरोबर बदलते, दुसरे बदलत नाही.

इतर शाखांनाही सुटका नाही. मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा करताना, बहुपदींच्या भागाकारात प्रत्येक पायरीला, डेफिनिट इंटिग्रलमध्ये खालची मर्यादा घालताना हेच वजा पुन्हा पुन्हा भेटते. खालची मर्यादा घालताना कंस लिहायचा कंटाळा करू नका, एवढेच सांगतो.

आता थोडी गणिते, मेसची घंटा व्हायच्या आत होतील. ४क्ष² − ७क्ष + २ मधून क्ष² − ९क्ष − ५ वजा करा. ६प − [२प − (३प − ५)] हे आतल्या कंसापासून सोडवा. ३अ − २ब मध्ये काय मिळवले म्हणजे अ + ब येईल? (इथे "वजा" शब्द नाही, पण वजाबाकीच आहे.) आठ मीटरच्या साध्या बीमवर डावीकडून तीन मीटरवर १६ किलोन्यूटनचा लोड आहे, डावी रिॲक्शन १०, लोडच्या उजवीकडचा मोमेंट लिहा आणि टेकूवर तपासा. शेवटचे कोडे: एकच वजाबाकी करून क्ष = ३ ला तुमचे उत्तर १७ आले, रूममेटचे −१. दोघांपैकी एकाने वजा करायच्या कंसातल्या एकाच पदाचे चिन्ह बदललेले नाही. त्या कंसात क्ष² − ५क्ष + ९ ही पदे होती आणि पहिल्या पदाचे चिन्ह दोघांनीही बदलले आहे. कुठले पद राहिले, आणि कुणाचे?

उत्तरे: ३क्ष² + २क्ष + ७; ७प − ५; −२अ + ३ब; −६क्ष + ४८, क्ष = ८ ला शून्य. कोड्यात फरक १८, निम्मा ९, म्हणजे शेवटचे पद राहिले (−५क्ष राहिले असते तर फरक ३० आला असता). +९ चे −९ व्हायला हवे होते. ते न बदलता उतरवणाऱ्याचे उत्तर १८ ने मोठे येणार, म्हणजे चूक १७ वाल्याची. रूममेटला चहा पाजा.